‘अनस्किल्ड’ कुणाला म्हणता?

माणसाचं काडीचंही वर्णन न करता त्याचा नुसता दर ठरवून टाकणारं एक विशेषण इंग्रजीत आहे. अनस्किल्ड. मराठीत आपण त्याचं ‘अकुशल’ केलं, सरकारी कागदावर छापलं आणि हात झटकले. दसरा उलटला, की आमच्या पाथर्डी तालुक्यातली गावंच्या गावं या एका शब्दाखाली जमा होतात. खरवंडी, भालगाव, टाकळी मानूर, माणिकदौंडी. ट्रक वाडीवर लागतो, त्यात पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, फडावरच्या कोपीचं, म्हणजे झोपडीचं सामान, एखादी शेळी, तान्ही पोरं आणि म्हातारीने दिलेली बाजरी चढते. मागे उरलेल्या गावात म्हातारे, कुत्री आणि आम्ही शिक्षक. मोठी पोरं मामाकडे नाहीतर आजीकडे. मग पुण्या-मुंबईहून कुणी अभ्यासक येतो, ओस पडलेल्या घरांचे फोटो काढतो आणि अहवालात लिहितो की इथून अनस्किल्ड मजुरांचं हंगामी स्थलांतर होतं. ‘हंगामी’ खरं आहे, ‘मजूर’ खरं आहे, ‘स्थलांतर’ तर डोळ्यांनी दिसतं. उरलेलं चौथं कुणी तपासलं?

मी आयुष्यभर पोरांना इंग्रजी शिकवली. विशेषण म्हणजे नामाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द, ही व्याख्या फळ्यावर लिहून लिहून खडू झिजवले. ‘अनस्किल्ड’ या शब्दात कुठली विशेष माहिती आहे ते मला आजवर सापडलेलं नाही. तो माणसाकडे काय आहे ते सांगतच नाही, काय नाही तेवढंच सांगतो, आणि तेही खोटं सांगतो. पेपरवाल्यांनी तर या मजुरांसाठी ‘अ’ची बाराखडीच काढली आहे: अशिक्षित, असंघटित, अकुशल. तीन शब्द, तिन्ही नकाराचे. साखर कारखान्याच्या अध्यक्षाचं वर्णन कुणी ‘ऊस तोडता न येणारे’ असं केल्याचं माझ्या वाचनात नाही.

या शब्दाला कायद्याचं बळ आहे, ते आधी सांगतो. १९७२ च्या दुष्काळात आमच्याकडची माणसं खडी फोडायला, पाझर तलावांच्या मातीवर गेली. त्यातून महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांची ती कल्पना. १९७७ साली कायदा झाला, १९७९ च्या २६ जानेवारीला लागू झाला. थोर कायदा. माझ्यासारख्यांच्या घरात त्या वर्षांत चूल पेटली ती त्यामुळेच, म्हणून त्याला नावं ठेवायची माझी छाती नाही. पण मागेल त्याला काम देताना कायद्याने कामाची जात लिहून टाकली: अकुशल अंगमेहनतीचं काम. पुढे २००५ साली केंद्राने देशभराचा कायदा केला आणि या कामाची व्याख्याच दिली. कुठल्याही प्रौढ माणसाला कसल्याही कौशल्याशिवाय, खास प्रशिक्षणाशिवाय करता येईल असं शारीरिक काम, असा तिचा आशय आहे. कुठल्याही प्रौढ माणसाला! हे लिहिणारा साहेब प्रौढ होता, एवढं धरून चालू. त्याने उन्हाच्या कारात दगडावर हातोडा नेमका कुठे मारला की तो फुटतो आणि कुठे मारला की डोळ्यात कपची उडते, हे कधी विचारलं होतं का? वडाराच्या बाईला विचारलं असतं, तर तिने दगडाची शीर दाखवली असती.

मातीकाम बाजूला ठेवा. ऊसतोडीकडे या, कारण पाथर्डीची खरी ओळख तीच आहे आणि कागदावर ती याच खात्यात पडते.

उसात साखर वरपासून खालपर्यंत सारखी नसते. बुडख्याकडच्या कांड्यांत ती सगळ्यात जास्त, वर जाल तशी उतरत जाते. शेंड्याच्या कोवळ्या कांड्यांत ग्लुकोजसारखी साखर भरलेली असते. तिचा दाणा बनत नाही आणि ती गाळपात गेली की उतारा खाली ओढते. म्हणजे कोयता खाली जमिनीलगत बसला पाहिजे आणि वर नेमक्या कांड्यावर. चार बोटं उंच मारला, तर शेतकऱ्याचं वजन गेलं, कारखान्याची साखर गेली आणि मागे राहिलेल्या खुंटाच्या वरच्या डोळ्यांतून फुटवा आला की खोडवाही हलका. वाकडा मारला, तर बुडखा चिरतो. हे सगळं गणित माणूस कंबरेत वाकून, पहाटेच्या अंधारात, पाचटात बुडखा दिसत नसताना एका घावात सोडवतो. एकाच घावात, कारण टनावर पैसे आहेत आणि दुसऱ्या घावाचे कुणी देत नाही.

माझी आई या कामात होती. तिच्या डाव्या हातात ऊस फिरायचा, उजव्या हातातला कोयता पाचट उतरवत जायचा आणि शेंड्यापाशी येऊन एका झटक्यात वाढं उडायचं. ती त्या वेळी उसाकडे बघत नसायची, कोपीपाशी खेळणाऱ्या आमच्याकडे बघत असायची. वाढं कुठे तोडायचं ते तिचा तळहात सांगायचा. कोवळं कांडं हाताला वेगळं लागतं म्हणायची. मग त्याच वाढ्यांना पीळ देऊन मोळी बांधायची. दोरी नाही, सुतळी नाही. एक मोळी दुसरीपेक्षा फार जड किंवा हलकी झालेली चालत नाही, कारण ती डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचं असतं. तीस-चाळीस किलो डोक्यावर, पायाखाली वीतभर रुंदीची हलणारी फळी, आणि पुष्कळदा रात्र. वर रचणारा गडी वेगळा. कारखान्याच्या रस्त्यावर खड्ड्यात ट्रक कलंडणार नाही असं रचणं ही स्वतंत्र विद्या आहे. बैलगाडीने ऊस वाहणाऱ्या गाडी सेंटरवाल्याचं आणखी निराळं. बैलजोडीच्या मानेवर भार येऊ नये असा टायरगाडीचा तोल त्याला साधावा लागतो. आणि हे सगळं चोवीस तासांच्या आत कारखान्याच्या गव्हाणीत पडलं पाहिजे, कारण तोडलेल्या उसातली साखर थांबत नाही, तासातासाला मोडत जाते.

अनस्किल्ड!

एक प्रश्न मी बागायतदार मित्रांना नेहमी विचारतो. राहुरी-नेवाशाकडे माझे काही आहेत, माणसं चांगली, पण तोडणीच्या टोळीचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. टोळी ‘खुशाली’ मागते, एकराला अमुक हजार दिल्याशिवाय फडात उतरत नाही, ड्रायव्हर ‘एन्ट्री’ मागतो, वर मटणाचं जेवण मागतात. तक्रार खरी आहे. ही लूट आहे आणि तिचं समर्थन मी करणार नाही. मुकादम या साखळीत किती खातो तेही मला ठाऊक आहे. पण दादा, कुठल्याही प्रौढाला येणारं काम असेल तर तुम्ही खुशाली देता कशाला? घरात दोन तरणी पोरं आहेत, एक इंजिनिअर आहे, एक स्पर्धा परीक्षा देतोय. द्या कोयते हातात. फडाला तुरा आलाय, वजन घटतंय, आणि प्रौढ माणसं घरात पंख्याखाली बसलीत. यावर मित्र हसतात आणि चहा मागवतात. अनस्किल्ड माणसाची वाट बघत पाच-पाच एकर ऊस वाळतो, याचा अर्थ त्यांच्याही ध्यानात आलेला असतो.

आता शब्दाच्या मुळाशी जाऊ. इंग्रजीचा मास्तर आहे, तेवढा हक्क मला आहे.

‘स्किल’ हा शब्द अस्सल इंग्रजीसुद्धा नाही. जहाजांतून आलेल्या नॉर्स लोकांनी तो इंग्लंडात आणला. त्यांच्या भाषेत ‘स्किल’ म्हणजे भेद, फरक, विवेक. ‘स्किल्या’ म्हणजे वेगळं करणं, निवडणं, समजणं. स्वीडिश माणूस आजही फरकाला ‘skillnad’ म्हणतो. इंग्रजीतही आरंभी शब्दाचा अर्थ विवेकबुद्धी असाच होता. हातातली सफाई हा अर्थ मागाहून चिकटला. म्हणजे ज्याला एकातून दुसरं वेगळं काढता येतं तो स्किल्ड. साखरेचं कांडं आणि बिनसाखरेचं कांडं अंधारात तळहाताने वेगळं काढणारी बाई या हिशेबात कुठे बसते? मूळ अर्थाने पाहिलं, तर फडात ती सोडून दुसरं कुणी स्किल्ड नसतंच.

मग हा शब्द उलटा कसा फिरला? ते गुपित दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी एका अर्थशास्त्रज्ञाने फोडून ठेवलं आहे, पण त्याचं नाव घेणारे ते पान वाचत नाहीत. ॲडम स्मिथ. बाजारवाल्यांचा कुलगुरू. १७७६ च्या आपल्या ग्रंथात त्याने साफ लिहिलं, की युरोपातले कायदे कारागिरांच्या श्रमाला कुशल आणि खेड्यातल्या शेतमजुराच्या श्रमाला साधा समजतात. पण शेतीतल्या कामांना बहुतेक कारागिरीपेक्षा जास्त जाण आणि अनुभव लागतो. नांगऱ्याला लोक मूर्खाचा नमुना मानतात, मात्र त्याची पारख क्वचितच चुकते, असंही त्याचं म्हणणं. फरक कशात होता? उमेदवारीत. इंग्लंडात १५६३ च्या कायद्याने धंदा करायला सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती. ज्याने उस्तादाकडे सात वर्षं काढल्याचा कागद आणला तो स्किल्ड, बाकीचे उरलेसुरले. हा कागद शेतमजुराला कोण देणार? त्याचा उस्ताद त्याचा बाप होता आणि त्याची शाळा म्हणजे शेत.

पाथर्डीत काय वेगळं आहे? पोर आठ-दहा वर्षांचं झालं की वाढी गोळा करतं, मग पाचट ओढतं, मग मोळी उचलतं, मग हातात कोयता येतो. लग्न करून आलेल्या नव्या नवरीचा हात पहिल्या हंगामात कापतो, सुजतो, आणि हंगाम संपता संपता बसतो. इतकी वर्षं हे शिक्षण चालतं, पण ते कुणाच्या खर्चाने चालतं? आईबापाच्या. सरकारचा रुपया नाही, कारखान्याचा रुपया नाही. फुकट मिळालं म्हणून ते झालंच नाही, असं हे हिशेबनीस धरतात. कौशल्य आहे, त्याची पावती नाही. आणि पावती नसलेल्या मालाला भाव पाडून मागायची आपल्या बाजाराची रीत जुनी आहे.

इंग्लंडातल्या अनस्किल्ड लोकांनी १८८९ साली लंडनच्या गोदीत संप केला. कुशल कारागिरांच्या जुन्या युनियनांना वाटायचं, हे गोदीतले हमाल काय संघटना करणार. हमालांनी महिनाभर बंदर ठप्प करून तासाला सहा पेन्स पदरात पाडून घेतले. त्या महिन्यात त्यांच्या हातात काही नवं कौशल्य आलं नव्हतं. जहाजं तीच, गोण्या त्याच. दर मात्र बदलला. आमच्याकडेही कोयता बंद पडतो तेव्हाच दर हलतो. आमच्या तालुक्यातल्या अकोल्याचे बबनराव ढाकणे ऊसतोड कामगारांच्या लढ्यातूनच मोठे झाले. १९८९ साली बीडमधून लोकसभेवर गेले आणि केंद्रात राज्यमंत्री झाले. पुढे गोपीनाथ मुंडे आले. दर वेळी संप, दर वेळी लवाद, पुण्यात बैठक. मंत्री बदलले, नेते बदलले, शब्द जागचा हलला नाही. उलट आमचे पुढारीही भाषणात ‘माझा अडाणी, अकुशल ऊसतोड बांधव’ म्हणून गळा काढतात. बांधवाला अडाणी म्हटल्याशिवाय यांना गहिवर येत नाही.

आता ‘अकुशल’ या मराठी रूपाची गंमत ऐका. गंमत म्हणजे संताप यावा अशी.

‘कुशल’ शब्दाची परंपरेने सांगितलेली व्युत्पत्ती अशी: कुश म्हणजे दर्भ, तो तोडून आणणारा तो कुशल. दर्भाचं पातं धारदार असतं. न जाणणारा हात घालतो आणि बोट कापून घेतो. बोट न कापता जो दर्भ उपटून आणतो तो हुशार, म्हणून कुशल म्हणजे निपुण. अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेचं उदाहरण म्हणून हाच शब्द घेतला. दर्भ तोडण्याशी काही संबंध नसतानाही आपण एखाद्याला कामात कुशल म्हणतो, ही रूढीने आलेली लक्षणा, असं त्याचं म्हणणं. विश्वनाथाला ते पटलं नाही. ‘साहित्यदर्पणा’त त्याने वाद घातला, की व्युत्पत्ती काही असो, शब्दाचा मुख्य अर्थच दक्ष असा आहे. पंडितांनी शतकं या वादात घालवली, घालवू देत. मला एवढंच विचारायचं आहे, की ऊस म्हणजे काय? गवतच. वनस्पतिशास्त्रात दर्भ, ज्वारी, बाजरी, बांबू आणि ऊस एकाच तृणकुळातले. पातं धारदार, देठाला अंगात घुसणारी कुसळं. आश्रमातला बटू पूजेपुरत्या दर्भाच्या काड्या बोट न कापता घेऊन यायचा, तेवढ्यावर तो कुशल झाला आणि त्याच्या नावाने शब्द रूढ झाला. तेच धारदार गवत दिवसाला टनाने तोडणारी माझी आई अकुशल! ज्याने हे भाषांतर केलं त्याला संस्कृत येत नव्हतं, की ऊस माहीत नव्हता? दोन्ही असावं.

दर्भग्रहणाचा दिवस पंचांगात श्रावण अमावास्येला येतो. त्याच दिवशी पोळा. गाडी सेंटरवाला त्या सणाला बैलाची खांदेमळणी करतो, शिंगं रंगवतो, पुरणपोळी चारतो. बैलाला निदान वर्षातून एक दिवस मिळतो.

आणखी एक. फडावरून घरी पत्रं यायची त्या काळी, शाळकरी पोराकडून लिहून घेतलेली. मायना ठरलेला: इकडे सर्व कुशल आहे. त्या कार्डाखेरीज ऊसतोडीच्या बाबतीत ‘कुशल’ शब्द मी दुसऱ्या कुठल्याही कागदावर पाहिलेला नाही.

इंग्रजी विशेषणाचा तडाखा आमच्या भागाला नवा नाही म्हणा. मढीला कानिफनाथाची यात्रा भरते, होळीपासून पाडव्यापर्यंत. गाढवांचा बाजार तिथलाच. वैदू, गोपाळ, कैकाडी, बेलदार, कोल्हाटी, सगळा भटका महाराष्ट्र तिथे उतरतो. यांच्यातल्या कितीतरी जमातींना इंग्रज सरकारने ‘क्रिमिनल’ हे विशेषण जन्मजात चिकटवलं होतं. १८७१ चा तो कायदा, १९११ साली तो देशभर पसरायची वाट मोकळी झाली आणि रद्द व्हायला १९५२ उजाडलं. दगड घडवणारे, टोपल्या विणणारे, औषधी मुळ्या ओळखणारे हे लोक. एका विशेषणाने त्यांचं सगळं ज्ञान पुसून फक्त चोरी उरवली. ते विशेषण निदान कायद्यातून गेलं. आमचं मात्र नव्या कायद्यात पुन्हा छापून आलं: २०१९ च्या वेतन संहितेत किमान वेतन ठरवताना कामगारांचे अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि अतिकुशल हे वर्ग धरायला सांगितलं आहे.

या वर्गांची किंमत किती ते बघा. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकारने लागू केलेल्या दरांत, मोठ्या शहरांच्या ‘अ’ विभागात, अकुशल कामाला दिवसाला ७८३ रुपये होते, कुशल कामाला ९५४. फरक १७१ रुपयांचा. ‘अन’ या दोन अक्षरांचा हा तेव्हाचा रोजचा भाव. आणि अकुशलच्या रकान्यात काय आहे? झाडलोट, साफसफाई, माल चढवणं-उतरवणं. चढवणं! ज्या साहेबाने हे लिहिलं त्याने फळीवर चढून दाखवावं, मोळी न घेता, रिकाम्या हातांनी. आणि कुशलच्या रकान्यात, त्याच ९५४ च्या ओळीत, कारकुनांच्या शेजारी कोण आहे? बिनहत्यारी पहारेकरी. पहारेकऱ्याशी माझं भांडण नाही, त्याला आणखी मिळोत. माझं भांडण त्या ओळी आखणाऱ्या पट्टीशी आहे.

हे दर शहरातले. शेतीचे वेगळे आणि कमी. ऊसतोडीला तर रोज नाहीच, टनाचा दर आहे. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली, टनाला २७३ रुपयांवरून सुमारे ३६६ झाले, पेपरात हेडलाइनी आल्या. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटं माणूस असेल तर तो अर्धा कोयता. जोडीने दिवसाला दोन टन तोडला धरा, तर ७३२ रुपये. दोघांचे मिळून. शहरात झाडू मारणाऱ्या एकट्या अकुशल माणसाला सरकारनेच त्या वर्षी ठरवलेले ७८३. म्हणजे आमची माणसं अनस्किल्डसुद्धा नाहीत. त्याच्याही खाली कुठेतरी आहेत, जिथे अजून विशेषणच तयार झालेलं नाही. त्यातून आधीच घेतलेली उचल फिटायची. मुकादमाचं कमिशन कारखान्याकडून वेगळं मिळतं, आणि ते टक्क्यांत असतं. टक्केवारी काढणं हे स्किल्ड काम आहे.

आणि यंत्र? तोडणी यंत्रासाठी राज्य सरकारने २०२३ साली अनुदानाची योजना आणली: किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, जे कमी असेल ते. यंत्राला टनामागे माणसापेक्षा जास्त दर मिळतो, ही संघटनांची जुनी तक्रार आहे. बरं, यंत्र काम तरी सरस करतं का? त्याच्या उसात पाला येतो म्हणून कारखाना वजनातून काही टक्के कापून घेतो आणि शेतकरी बोंबलतो. पडलेला ऊस त्याला नीट उचलत नाही. लहान तुकड्यात ते वळत नाही. कमी नीट काम करणाऱ्याला जास्त दर, वर लाखांत अनुदान, आणि त्याच्यावर बसलेला ऑपरेटर स्किल्ड. यंत्र यायला माझा विरोध नाही. माझ्या आईची कंबर ज्या कामात गेली ते काम कुणाच्या लेकीच्या वाट्याला राहावं असं मी कशाला म्हणेन? पण माणूस करत होता तोवर जे काम बिनअकलेचं होतं, ते यंत्राकडून करून घ्यायला मात्र जगभरचे इंजिनिअर वर्षानुवर्षं डोकं का फोडताहेत, याचं उत्तर कुणी तरी द्यावं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा या लोकांना एक नवं विशेषण मिळालं. इसेन्शियल. अत्यावश्यक. सगळा देश दारं लावून घरात बसला आणि कारखान्यांची धुराडी चालू राहिली, कारण साखर अत्यावश्यक, म्हणून गाळप अत्यावश्यक, म्हणून कोयता अत्यावश्यक. एप्रिलच्या मध्यावर लाखाहून जास्त मजुरांना घरी जाऊ द्यायचा हुकूम निघाला. गावाच्या वेशीवर आले तोवर अत्यावश्यकपण उतरलं होतं. गावकऱ्यांनी काठ्या आडव्या घातल्या. पुढच्या हंगामात पुन्हा अनस्किल्ड.

परक्यांचं झालं. आता घरचं. हा शब्द पाथर्डीत सगळ्यात जास्त कुठे वापरला जातो? शाळेत. मास्तर लोक इंग्रजी शब्द वापरत नाहीत, त्याचा अर्थ वापरतात. ‘अभ्यास कर, नाहीतर बापासारखा कोयता येईल हातात.’ हे वाक्य ज्या वर्गात बोललं जातं, त्या वर्गातल्या पोरांचे आईबाप त्याच वेळी कोल्हापुरात नाहीतर कर्नाटकात फडात वाकलेले असतात. पोरगं आजीच्या हातची भाकरी खाऊन शाळेत आलेलं असतं. त्याची फी, त्याची वही, त्याचा मोबाइल त्या कोयत्यातून आलेला असतो. आणि खुर्चीवर बसलेला एक पगारी माणूस त्याला शिकवतो, की तुझ्या बापाला काही येत नाही. मास्तरांचा हेतू चांगला असतो, मला मान्य आहे. हेतू चांगला असला म्हणून चाबूक कमी लागतो, असं नाही. पोराने शिकावं, कोयता सुटावा, ही त्याच्या आईबापाचीच इच्छा आहे; त्यासाठी त्यांचा अपमान फळ्यावर लिहायची गरज नाही. संत भगवानबाबांच्या नावाने या पोरांसाठी २०२१ साली ८२ वसतिगृहांची योजना निघाली. तिथे खाट मिळेल, जेवण मिळेल. बापाबद्दल काय शिकवलं जाईल, ते मास्तरांवर आहे.

आणि शेवटी ती सरकारी योजनेतली स्किलची केंद्रं. २०१५ पासून देशात कौशल्याचा सुकाळ आहे. पोस्टर, टी-शर्ट, प्रमाणपत्र, फोटो. आधीपासून येत असलेलं काम तपासून त्याचा दाखला द्यायची सोयही त्या योजनेत आहे, कागदावर. एखाद्या ऊसतोड जोडीला तसा दाखला मिळाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. एक मात्र पाहिलं. आमच्या वाडीतला एक भाचा, तोडणीत हात इतका साफ की मुकादम त्याच्या कोयत्याला टोळीत पहिली उचल द्यायचा. कंबर धरली म्हणून काम सोडलं, काही दिवसांचं सिक्युरिटीचं ट्रेनिंग केलं आणि पुण्याकडे एका सोसायटीच्या गेटवर लागला. परवा भेटला. कसं चाललंय विचारलं.

‘‘मामा, खुर्ची हाय, पंखा हाय. गाडी आली की दांडा वर करायचा, गेली की खाली. झोप लई येती. पण सर्टिफिकेटवर स्किल्ड लिवलंय बघा.’’